मामांच्या वजनाचे पाटे

गाडीच्या पाट्यांचा, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगांचा, विषय काढलाच आहे तर ऐका, कारण ही भानगड मला अजून नीट उमजलेली नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा आमची जुनी मोटार मागून डावीकडं कलायला लागली होती. त्या बाजूला कायम आमचे मामा बसायचे, आणि मामा म्हणजे दोन माणसांच्या जागेचा ऐवज. वरात याच गाडीतून काढायची होती, म्हणून वडील, मी आणि मामा अमरावतीहून अकोल्याला नवे पाटे घ्यायला गेलो.

दुकानदारानं विचारलं, "नरम पायजेत का कडक?"

वडील गडबडले. "फरक काय पडते?"

"गाडीत कोन बसते, ते सांगा."

वडिलांनी गाडीत बसलेल्या मामांकडं बोट दाखवलं. दुकानदारानं वाकून मामांच्या बाजूचं चाक पाहिलं. "मंग डावीकडं कडक टाका, उजवीकडं नरम."

आम्हाला पटलं. पाटे बसले, आणि रिकामी गाडी उजवीकडं कलली.

"हे काय झालं?" वडील म्हणाले.

"मामाले बसवा."

मामा बसले. गाडी सरळ. मामा उतरले. गाडी पुन्हा वाकडी.

"म्हन्जे बराबर हाय ना?" दुकानदारानं विचारलं. वडिलांनी पैसे मोजून दिले.

वरातीच्या दिवशी मात्र वडील अडून बसले. गाडी वाकडी जाणार नाही म्हणजे नाही. त्यामुळं फोटोत माझ्या शेजारी फेटा बांधलेले मामा आहेत आणि नवरी पुढं ड्रायव्हरपाशी.

तो फोटो निघाला की बायको अजून विचारते, "लगन कोनासंगं केलं होतं तुमी?"