गोलामागे बोनस

मी आधीच सांगितलं होतं, पण चौथी शिकलेल्या मावशीवर विश्वास ठेवतो कोण. माझ्या भाच्याला, ओमला, इथल्याच, डब्लिनच्या एका हॉकी क्लबाने पहिल्यांदाच पगारावर घेतलं, एका सीझनच्या करारावर. त्याचे बाबा, आमचे आयटीवाले भावजी दिलीपराव, स्वतः घासाघीस करायला गेले, जणू मंडईत दोडकी घ्यायची होती. "पगार कमी चालेल, पण दर गोलामागे बोनस लिहा," म्हणे.

मी म्हटलं, "भावजी, पोरगा आता चेंडू कुणाला देणार नाही."

"मंदा, तू भाकऱ्या बघ."

शेवटच्या मॅचला एकच गोल हवा होता. जोडीदार गोलासमोर मोकळा उभा राहून ओरडतोय, आणि आमचे राजे कोपऱ्यातून स्वतःच मारतायत. चेंडू गेला बाहेर. क्लबाने करार काही वाढवला नाही.

घरी ताई कोचला शिव्या घालत होती. भावजी म्हणाले, "मंदाच्या तुपानं पोरगा जड झालाय."

तेव्हा मी सगळ्यांसमोर ओमलाच विचारलं, "त्या मोकळ्या पोराला का नाही दिलास रे?"

"पास दिला तर बोनस त्याला जातो, मावशी. बाबांनीच बजावलं होतं."

ताईनं कोचला सोडलं आणि नवऱ्याकडे वळली. आता या घरात शिव्या खायला एकच माणूस उरलाय, दिलीपराव.