बाहेरून लावलेलं कुलूप

वेळ सकाळी साडेसहा, ठिकाण गेवराईतलं आमचं घर. जमीन हलली तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती आणि मी मागच्या खोलीत बातमी लिहीत होतो. भूकंपात काय करावं यावर आयुष्यभर लिहिलंय, म्हणून सरळ टेबलाखाली शिरलो. धक्का थांबल्यावर बाहेर पडायला गेलो, तर दाराला बाहेरून कुलूप!

बायकोला फोन लावला, तो स्वयंपाकघरातच वाजला. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला लावला, तो नुसताच वाजत राहिला. भिंतीला भेग पडलेली, पुन्हा हललं तर काय? मी जीव खाऊन दार बडवलं.

समोरच्या मैदानातून शेजारी ओरडला, "वहिनी, तुमचं दार वाजतंय! आत कोण हाय?"

"कुणीबी न्हाई! सगळं बंद करून आले मी!"

"सुमन, अगं मी हाय!" मी आतून ओरडलो.

ती धावत आली. घाईत दोनदा चुकीची किल्ली घातली, मग कुठं कुलूप उघडलं.

"कुलूप कावून लावलं?"

"घर उघडं टाकून यावं व्हय?"

"आन् मी?"

"तुमी कवा घरी असता? ध्यानातच न्हाई आलं!" म्हणाली आणि रडायलाच लागली. भर गल्लीतून माझा हात धरून तिनं मला मैदानात नेलं.

तिथून मी नियंत्रण कक्षाला पुन्हा फोन लावला. अजूनही लावतो. तो उचलायला कुणाला नेमलंय, हे एकाही अधिकाऱ्यानं आजवर सांगितलेलं नाही.