स्वल्पविरामांच्या ओळी

...नाही नाही, पैसे परत नकोतच मला, काका, फक्त पावतीच्या मागे लिहून द्या — 'जीपीएस रिसीव्हर खराब' — एवढंच, आणि खाली सही. दादाला दाखवायचंय, दोष यंत्राचा होता, माझा नाही. तो म्हणतो, तुझ्या असल्या खेळण्याच्या भरवशावर बाबांना घरी ठेवायचं नाही, सोमवारी वृद्धांच्या संस्थेत नेऊन सोडतो. बाबांना आठवत नाही हो, घराचं दारसुद्धा — म्हणून तर मी हे त्यांच्या कोटाच्या अस्तरात शिवलं, घरच्या कॉम्प्युटरवर ते कुठे आहेत ते दिसावं म्हणून. — तपासताय? तपासा की. ही सिरियलची वायर, तुमच्या कॉम्प्युटरला लावा, वेग शहाण्णवशे ठेवा — आई गं! काय पडलं? ड्रॉवर होय... दचकतेच मी. — तर परवा दोन तास नकाशावर बाबा बागेतल्या बाकावर! आई निवांत विणत बसलेली. आणि बाबा कुठे? शेजारच्या इमारतीच्या तळघरात, गाड्यांच्या मध्ये, एकाच पायात चप्पल. वॉचमनला दिसले म्हणून सापडले. मग खराबच ना हे? खराबच.

आल्या स्क्रीनवर ओळी... नुसते स्वल्पविराम, मध्ये आकडेच नाहीत? आणि तो V — माहितीये मला, V म्हणजे जागा सापडलेली नाही. छताखाली उपग्रह कुठून दिसणार त्याला? — अहो, वायर ओढत कुठे निघालात? दारात?

...A आला, म्हणजे जागा सापडली. आकडेही. बरोबर आहेत, याच रस्त्याचे.

म्हणजे तळघरातूनही हा V पाठवत होता. दर सेकंदाला सांगत होता, मला माहीत नाही, मला माहीत नाही — आणि मी... ते अक्षर मीच गाळलं होतं, काका. V आला तर आधीचाच ठिपका ठेव, असं प्रोग्राममध्ये मीच लिहिलं. नकाशा रिकामा झाला की आई मला सारखी हाका मारायची, 'अगं, गेले कुठे हे?' — म्हणून. आईसाठी. म्हणजे... आईसाठी कसलं, दुपारी जरा डोळा लागायचा माझा. परवाही लागला होता.

लिहिताय? खरंच लिहिताय? — खराब म्हटलं तर दादा हे फेकून देईल. आणि मी चुकले म्हटलं तर... थांबा. नका लिहू. एकच ओळ बदलायचीय, V आला की ठिपका जाऊ दे, आईनं हाक मारू दे, उठेन मी. दादाला सांगते, यंत्राचं काही नाही, माझंच... सांगते. सोमवारच्या आत.

द्या ती वायर. असं बघू नका हो माझ्याकडे — ते बघा, गिऱ्हाईक आलंय तुमचं.