जयराजचा कॉम्प्युटर

इस्लामपुरात दुरुस्तीच्या दुकानात मी प्रिंटरसाठी थांबलो होतो. माझ्यापुढं जयराज नावाचा पंचविशीतला तरुण कॉम्प्युटर घेऊन उभा होता, शेजारी त्याची आई. दुकानदारानं विचारलं,

"काय झालंय?"

"गेम लावला की लय तापतोय, आन खेळता खेळताच बंद पडतोय."

"पडणारच की! मागच्या जाळीत साडीचा बोळा कोंबलाय. गरम हवा जाणार कुठनं?"

"आई, ही तुझी साडी हाय."

"व्हय. मीच कोंबला."

"येडी हायस का तू? जळला असता न्हवं!"

"बंद पडला की तू खोलीतनं भाईर येतोस. माझ्यासंगं बोलतोस."

"बोलतोय कुठं? शिव्या घालतोय."

"घाल की. तुझा बा गेल्यापास्नं घरात दुसरं कोण बोलतंय?"

"दादा, तेवढा साफ करून ठेवा. आन माझ्या खोलीच्या दाराला आतनं लावायची कडी हितं कुठं मिळंल?"

"समोरच, हार्डवेअरच्या दुकानात. मावशी, तुम्ही बसा की, तो आणंल."

"नगं बाबा. घरी कडी बसवताना दार मलाच धराय लागनार. जाती त्याच्यासंगं, नीट बघून घेतो आमी."