कॅसेटची दुसरी बाजू

अरं, ती इंग्रजी बँडच्या गाजलेल्या गाण्यांची कॅसेट मी बेळगावच्या अशोककडनं एका दिवसाच्या बोलीवर निपाणीला आणलती. घरात आई आन शेजारच्या बायका मांडीवर पानं-तंबाकूची सुपं घिऊन विड्या वळत बसलेल्या. पयली बाजू लावली. ड्रम वाजला तसं सगळ्यांचे हात पळाय लागले! दुसऱ्या बाजूला सगळी संथ गाणी. आई म्हणाली, "ही नगं रं, सुपातच झोप लागंल. पयलीच लाव."

मग दिवसभर पयलीच. टेप जरा किरकिरली की मी पळत जाऊन बघायचो. तुटली तर अशोक जित्ता सोडणार न्हाय!

सांजच्याला त्यो दारात. "माझी कॅसेट?"

मी टेप बंद कराय उठलो. आई मान वर न करता म्हणाली, "पयली हितं ऱ्हाऊ दे. दुसरी बाजू तेवढी घेऊन जा, बाळा."