अहोंचं शेवटचं नाटक

मी मूळची मिरजेची. वडील मिशनच्या दवाखान्यात धोबीखात्यात होते, तिथंच मी नर्सिंग शिकले आणि तिथूनच इंग्लंडला गेले, उत्तरेकडच्या एका गावात, जिथं थंडीत दुपारीच अंधार पडायचा आणि मराठी शब्द म्हणून कानावर यायचा नाही, मी आपली औषधांच्या ट्रॉलीशी मराठीत बोलत फिरायचे, काय सांगू तुला. तिथं वॉर्डात आमचे हे आले. नाटकात स्टेजवरून पडून पाय मोडून घेतलेला. प्लास्टरमधला पाय वर टांगलेला आणि माणूस पडल्यापडल्या सगळ्या वॉर्डाला राजाचीही भाषणं म्हणून दाखवतोय नि राणीचीही. आवाज असा, की खालच्या मजल्यावरच्या नर्सा ऐकायला वर यायच्या.

तिथलेच इंग्रज, खाणकामगाराचा मुलगा. बाप म्हणाला खाणीत उतर, हे पळाले नाटक कंपनीत. गावोगाव हिंडायचं, भाड्याच्या खोलीत निजायचं. मोठं काम कधी मिळालं नाही बघ. पोलीस, नोकर, निरोप घेऊन येणारा. म्हणून मग हे स्वतः लिहायला लागले, की आपण लिहिलं तर एक चांगला पार्ट आपल्याला ठेवता येईल. नाटकं लागली. एक तर बरंच चाललं, पण लंडनला गेलं तेव्हा ह्यांचा पार्ट दुसऱ्या नावाजलेल्या नटाला दिला. पहिल्या खेळाला हे माझ्याशेजारी बसून त्याची वाक्यं ओठातल्या ओठात म्हणत होते. मी त्यांना अहो म्हणायचे, त्यांना वाटायचं हे लाडाचं नाव, आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे.

पुढं इथं नाटक शिकवायला बोलावलं म्हणून सिंगापूरला आलो. मुलगी शाळेत होती, ती इथलीच झाली. मी मराठीत काही विचारलं की इथल्या पोरांसारखं लाह लावून म्हणायची, कान्ट लाह ममी, नाही जमत, इंग्लिशमध्ये सांग. मग सांगायचे इंग्लिशमध्ये. ती लग्न करून ऑस्ट्रेलियाला गेली आणि मरीन परेडच्या ह्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं उरलो. घरभर ह्यांचा आवाज. पेपर मोठ्यानं वाचणार, खाली हॉकरकडं, त्या खाण्याच्या गाळ्यावर, कॉफी मागितली तरी चार टेबलं वळून बघणार. मी ऐकायचे. सगळा जन्म मी ऐकतच आले की.

आणि मग घसा बसला. मी नर्स, कॅन्सर आहे हे मला आधीच कळलं होतं, पण तोंडातून काढवेना. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढलं. गळ्याला टेकवून बोलायचं यंत्र मिळतंय, ते त्यांनी एकदा लावलं, त्यातून जो आवाज आला तो ऐकला, आणि डबीत घालून डबी कपाटात ठेवून दिली. मग काय, पाटीवर लिहायचे. तेही कमी कमी होत गेलं. घर इतकं गप्प झालं की लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबली ते आत कळायचं.

एक दिवस मी लसूण सोलत होते, हे समोर बसलेले, आणि मी मराठीत बोलायला लागले. ठरवून नाही गं. म्हटलं, इंग्लिशमध्ये बोलले तरी उत्तर येणार नाही, मराठीत बोलले तरी नाही, मग आपल्या भाषेत बोलावं. मिरजेची विहीर, आईच्या हातची आमटी, आई गेली तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही ते, सगळं. हे ऐकत बसायचे. रोज स्वयंपाकाच्या वेळी खुर्ची ओढून यायचे.

त्यातनं त्यांनी नाटक लिहिलं. एक न बोलणारा म्हातारा आणि बोलणारी म्हातारी. माझ्या वाक्यांची जागा मोकळी, तिथं नुसतं लिहिलेलं, इथं ती तिच्या भाषेत बोलते. मी म्हटलं, मी नर्स आहे, नटी नाही, मला लोकांपुढं उभं करू नका. त्यांनी पाटीवर लिहिलं, मला आणखी एकदा स्टेजवर जायचंय, दुसरं कुणी चालणार नाही. ते वाचल्यावर नाही म्हणवेना.

ह्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी छोटासा हॉल घेतला. मी आमटीचं बोलायचं ठरवलेलं. दिवे लागले, समोर काळोख, आणि आमटी राहिलीच बाजूला. मी म्हणाले, अहो, तुम्ही जन्मभर बोललात, मी ऐकलं, पण तू एकटी आहेस का, हे एकदा तरी विचारायचं होतं. आता तुम्ही विचारू शकत नाही, म्हणून मीच सांगते. मी फार एकटी होते हो.

नाटकात त्यांनी मान खाली घालून बसायचं होतं. त्यांनी मान वर केली. शब्द कळले नसतील, पण उठले, माझ्याजवळ आले आणि उभे राहिले. खेळ संपेपर्यंत तसेच उभे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं म्हातारी काहीतरी गोड बोलली. मराठी येणाऱ्या तुलाच फक्त कळलं. तू पार शहराच्या दुसऱ्या टोकाहून, बुओना व्हिस्टाहून एकटीच आलेली, मागच्या रांगेत. नंतर दाराशी थांबलीस, त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस, फक्त विचारलंस, मावशी, रविवारी चहाला येऊ का. म्हणून तर तुला हे सगळं लिहून घेऊ दिलं.

पुढच्या पावसाळ्यात हे गेले. शांतपणे गेले, माझा हात धरून. त्या खेळात त्यांनी काय ऐकलं, त्यांना काय समजलं, मी विचारलं नाही.

आता तुझंही इथलं संशोधन संपलं, तू पुण्याला जाणार. मुलगी म्हणते, ममी तू इकडं ये. बघू. तिथंही गप्पच बसायचं, तर इथं खिडकीतनं समुद्र तरी दिसतोय. तू जा बाळ, आईवडिलांजवळ राहा, पोटभर बोल त्यांच्याशी. तुझं चांगलं होईल. पिशवी घेतलीस ना? चल, लिफ्टपर्यंत येते.