पाहुणीच्या हाती झाडू

हॅलो?… हॅलो!… कोन बोलते?…

अवं सीते! तूच का?… घागरीत तोंड घालून बोलल्यावानी आवाज येऊन राह्यला तुहा… हो, हो, मीच. गोजराबाई, तुही सासू. दुसरं कोन राहीन इथं?… कारंज्यालेच हाओ, कापसाच्या जिनाच्या कचेरीत. दिवाणजीनं कालच आपल्या गावी धनजले निरोप धाडला, मुंबईहून तुमच्या सुनेचा फोन येनार हाये म्हने. आली छकडा जुंपून. सकाळपासून या यंत्रापाशी बसली हाओ…

बरे हा ना दोघंबी?… बापू बरा हाये?… मंग रडून काहून राह्यली?

नाही कशी? मले आवाजावरून समजते. नाक वढू नको. काय झालं थे सांग…

पह्यले हाटेलाचं सांगतं? बरं बापा, सांग… हां… गादीत बुडाली? अन् मंग?… खालतं निजले दोघंबी! चांगलं केलं, पाठ त शाबूत राह्यली… पेटीत बसून माडीवर जा लागते? दोराले लटकून? माय वं! मी त भेवानंच मेली असती… नळाले ऊन पानी? सकाळ-संध्याकाळ? एवढ्या पान्याले सरपन कोन फोडते तिथं?… जेवाले काटे? हातानं जेव वं, हात धुतला की झालं… भाजीले तिखट नाही? म्हूनच त ठेचा बांधून देला होता… सरला? येवढ्यातच? बापूनंच खाल्ला असन.

दिवाणजी, हासू नका. तुमी निजले का कधी तशा गादीवर?

हां, बोल. झालं हाटेलाचं. आता रडाचं सांग.

कोन रामीबाई?… खोल्या झाडनारी. बरं… तिले कामावरून काहाडलं? आज सकाळी? अन् तुह्यापाई?… तू काय केलं वं?

हं… झाडू मांगतला. बरोबर हाये… ती नाही म्हने. तू हट्ट धरला. मंग तिनं देला… अन् तू खोली झाडून राह्यली होती, तवाच म्यानेजर आला… हं… पाहुणी कमरेत वाकलेली अन् झाडनारी दारात उभी… म्हने पाहुणीकून काम करून घेते! अन् तिचं काहीच नाही आयकलं?… मागच्या दारापाशी रडत बसली हाये? अजूनबी?

अवं आयक ना… आयक त! तुहा कोनता दोष त्यात? म्याच सांगतलं होतं ना तुले निंगताना. कोनाच्या घरी गेलं त बसून खाऊ नको. दिस उगाच्या आंधी उठजो, झाडझूड करजो, आपलं ताट आपन घासजो… ताटबी घासलं? न्हानीत? शाबास माही बाई!

हाटेल म्हंजे घर नसते?… मले काय ठाव? मानसं निजतात, जेवतात, मंग घरच ना थे.

बरं, म्यानेजरले सांगतलं का तू खरंखरं?… काहून नाही?… बापू गप्प राह्य म्हन्ते? कायले?… संत्र्यापाई?

हो, थे ठाव हाये मले. प्रदर्शनात आपल्या संत्र्याले पह्यला नंबर भेटला म्हून त्या लोकायनं तुमाले थ्या हाटेलात उतरवलं… हां… आता हाटेलवाला हंगामभर आपलीच संत्री घेनार?… वा!… संध्याकाळी कागद होनार… हं. अन् म्यानेजरशी भांडलं त कागद हातचा जाईन, असं म्हन्ते बापू.

तुले काय वाटते?… घास उतरून नाही राह्यला? मलेबी नसता उतरला… दे. बापूले दे फोन.

बापू? तू चूप राह्य, मी बोलतो… पाया पडतो नोको म्हनू, मुंबईहून पोचत नाहीत तुहे हात. आयक. तुहा बाप गेला तवा तू पाळण्यात होता. एकएका रोपाले घागरीनं पानी घातलं म्या, तुले पाठीले बांधून. रामीबाई मुंबईत काय करून राह्यली? तेच ना?… लेकरं हायेत का तिले, पुसलं तू?… हायेत? सीतेनं पुसलं? पाह्य, बायकोनं पुसलं अन् तू कागदाची वाट पाहत बसला…

त हाटेलवाला संत्री नाही घेईन, आणखी काय करन? कारंज्याचा बाजार कुठी गेला? नाहीच इकली त धनजच्या लेकरायले वाटीन. पन बाईच्या पोटावर पाय देऊन माह्या बागेतलं एकबी फळ जानार नाही… हो, बाग माहीच हाये. मी मेल्यावर तुही.

फोन म्यानेजरच्याच टेबलावर हाये ना?… आताच येऊन बसला समोर? बरंच झालं. दे त्याच्या हाती… दे म्हन्तो ना!

हॅलो. रामराम साहेब. मराठी समजते का?… मोडकी समजते? मलेबी मोडकीच येते. मी गोजराबाई, तुमच्या पाहुणीची सासू… हो, हो, संत्रेवाली. संत्र्याचं मंग बोलू. मले एक सांगा, तुमच्या हाटेलात पाहुणा काही मांगते त तुमी देता का नाही?… देता. अन् नोकरायले काय शिकवता?… पाहुन्याचा शब्द खाली पडू द्याचा नाही. वा! कायदा चांगला हाये तुमचा.

मंग माह्या सुनेनं झाडू मांगतला… हो साहेब, झाडूच. रामीबाईनं नाही म्हनून पाह्यलं, मंग पाहुणीचा शब्द राखला. सांगा आता, तुमचा कायदा तिनं पाळला का मोडला?

पाळला ना? मंग काहाडलं काहून तिले?… 

पाहुणीनं झाडलं त हाटेलाले शोभत नाही? बरं, नसन शोभत, आमाले ठाव नव्हतं. अन् गरिबाचं काही न आयकता त्याले हाकलनं शोभते का?… शोभते का साहेब?… हं.

काय हो दिवाणजी? टायम सरला? मंग वाढवा टायम! छकड्यात संत्र्याचं पोतं हाये, लागन तेवढं घ्या, पन तार तोडू नका.

हां साहेब… संत्र्याचा अन् याचा काही संबंध नाही. कागद करा नाहीतर नोका करू, तुमची मर्जी. रामीबाई कामावर येईस्तोवर मी हा फोन ठेवत नाही, येवढंच… इचार करून सांगता? नाही, नाही. इचार माह्यासमोर करा. करा, मी आयकतो…

हां… हां… बोलावलं? खरंच?… तुमच्यावर भरोसा हाये साहेब, पन मले तिच्या तोंडून आयकाचं हाये. थांबतो मी.

हॅलो?… रामीबाई? अवं, बाईसाहेब नोको म्हनू मले. मी कोनी साहेबीन नोय… भेटलं काम?… त्यानं सोताच सांगतलं? बरं झालं, बरं झालं माय… पाया नोको पडू वं. चूक माह्या सुनेची, अन् तिले शिकवनारी मी.

आता माहं एक काम कर. उद्या सीता निंगते तिथून. घरातून बाई निंगते त तिची ओटी भरा लागते. तिले माय नाही. इथून निंगताना म्या भरली, तिथं तू भर… हो, तूच… काहून?… नवरा नाही त काय झालं? माहाबी नाही. रांडमुंड बाईनं सुनेची ओटी भरली म्हून आमची शेजारीन रुखमाबाई गावभर बोंबलत फिरली. फिरू दे. म्या रोपं लावली तवा कपाळाले कुकू हाये का म्हून एका झाडानं नाही पुसलं मले.

अन् झाडनारीचे हात?… अवं, त्याच हातायनं भर. सीतेले पुस, पदर पसरूनच उभी असन… तांदूळ नसन त राहू दे. आमच्या संत्र्याची टोपली हाये तिच्यापाशी, त्यातली घालजो… रडू नको ना. मलेबी रडवतं तू… घालशीन ना?… नक्की?… अन् तिले सांगजो, पुन्हा झाडू धरला त…

हॅलो?… हॅलो! रामीबाई!…

तुटलं वाटते, दिवाणजी… नोका, नोका लावू परत. माहं काम झालं… कागदाचं? नाही पुसलं. होईन नाहीतर नाही होईन… हो, डोये पुसून राह्यली, मंग?

शेवटी कोन होती म्हन्ता? पोरीची ओटी भरून तिले वाटेले लावते, थे तिची मायच राह्यते ना?… इहीनबाई होती माही.